सारजाआत्याच्या वाकळा

सारजाआत्या माणसं चेहऱ्यानं ओळखत नसे, कापडानं ओळखत असे. रस्त्यानं कुणी चाललं की आधी त्याच्या अंगावर काय आहे ते बघायची, मग ते कितपत विरलंय ते, आणि एवढं झाल्यावर सवड उरलीच तर कोण चाललंय ते. "त्यो निळ्या बंडीचा वर गेला बघ आत्ता," असं ती म्हणाली तर तो गावातला मोठा बागायतदार असे. "त्या पिवळ्या लुगड्याला हाक मार," म्हणाली तर हाक गल्लीतल्या कोंडाबाईला मारायची असे. आम्हा बायकांना हे सवयीचं झालं होतं. मी स्वतः तिच्या लेखी बराच काळ 'अंजिरी चौकडा' होते, कारण उंब्रजात आले त्या दिवशी माझ्या अंगावर अंजिरी चौकड्याचं लुगडं होतं. पुढं मी 'मास्तरीण' झाले, पण ते लुगडं फाटून तिच्या ताब्यात गेल्यावरच.

ते लढाईचे दिवस. माझे यजमान लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते आणि बोर्ड नेईल तिकडं आमचं बिऱ्हाड जात असे. उंब्रजला खोली मिळाली ती सारजाआत्याच्या घराला लागूनच. दोन परसांच्या मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून मीठ, विस्तव, ताक आणि गावभरच्या बातम्या यांची सतत ये-जा चाले.

आल्याच दिवशी मी बिछाना सोडत होते. तेवढ्यात एक उंचीपुरी, मिश्रीनं दात काळेभोर केलेली बाई दारात न थांबता सरळ आत आली. माझ्या आईनं लग्नात दिलेल्या गादीवर तिनं बसकण मारली आणि गादी दोन्ही हातांनी दाबून पाहिली.

"आत काय हाय?"

"कापूस."

"निस्ता?"

"निस्ता," मी जरा ऐटीतच म्हटलं. मला वाटलं, कौतुक चाललंय.

"आगं बया! म्हंजे आत कुणाचंच काय न्हाई? मग झोप कशी लागती गं तुला?"

सांगलीला माझ्या माहेरी गोधड्या होत्या, पण त्या गड्याच्या आणि पाहुण्यांच्या. इकडं गोधडीला वाकळ म्हणतात आणि सारजाआत्याच्या मते माणसानं वाकळेतच झोपायला हवं, कारण वाकळेत माणसं असतात. दुसऱ्या दिवशी तिनं मला आपली स्वतःची वाकळ दाखवली. वरचं हिरवं लुगडं सासूचं. खालचं धोतर सासऱ्याचं. मधे कुणाकुणाची परकर-पोलकी. एका कडेला पांढऱ्या मांजरपाटाचा मोठा तुकडा होता, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. "ह्यो सदरा आमच्या मालकाचा," ती म्हणाली, "ही बाजू मी गळ्यापाशी घेती." तिचा नवरा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ तिला नव्हतं. हे तिनं मला त्याच दमात सांगितलं आणि लगेच माझ्या यजमानांचं धोतर किती दिवसांचं आहे ते विचारलं.

गावात वाकळा घरोघरी शिवत. थरावर थर ठेवायचे आणि टाके घालायचे, की झाली वाकळ. सारजाआत्याची तशी नसे. ती वरच्या थरावर चिंध्यांची चित्रं बसवायची. लाल खणाचा सूर्य, पोपटी पोलक्याचा पोपट, कुणाच्या जुन्या टोपीच्या मखमलीचा नंदीबैल. कडेनं तिकोनी तुकड्यांची झालर, एक रंगाचा एक बिनरंगाचा अशी. टाक्यांना तिनं आपलीच नावं ठेवली होती. बारीक एकापाठी एक गेलेले ते मुंगीचे टाके, फुलीसारखे ते कोंबडीचे पाय, आणि कोपऱ्यावर एका ठिकाणाहून फुटून निघालेले ते दिवाळी. "हितं जरा दिवाळी घाल," असं ती म्हणे तेव्हा नव्या माणसाचा गोंधळ व्हायचा. सुया तिनं डाव्या खांद्यावर पदरात टोचून ठेवलेल्या असत. कुणी लेक माहेरी आली आणि मायेनं तिच्या गळ्यात पडली, की "आय आय गं" करत मागं सरायची.

तिचा टाका मात्र सरळ जात नसे. चित्रं देखणी, रंग देखणे, पण धावदोरा बघावा तर ओढ्यासारखा, कुठं रुंद कुठं अरुंद. मी एकदा तसं म्हटलं. ती म्हणाली, "मास्तरणी, वाकळ काय परीक्षेला बसवायची हाय व्हय? थंडी काय टाकं मोजून आत येती?" गप्प बसवण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

लढाई वाढत गेली तसं कापडाचं कंट्रोल आलं. रेशनच्या दुकानात मिळेल ते जाडंभरडं घ्यायचं आणि वर्षभर नेसायचं. सगळ्या गावाला नव्या कापडाची चिंता, हिला जुन्याची. "सरकारनं लोकास्नी फाटकं घालाय शिकिवलं," ती कपाळाला हात लावून म्हणायची, "आता माझ्याकडं काय येनार, धोंडा?" नवं कापड वाकळेत घालणं तिच्या हिशेबी पाप होतं. त्यात कुणी राहिलेलंच नसतं, मग ते घालायचं कशासाठी? म्हणून मग ती गावभर फिरू लागली, आणि फिरताना तिच्या कनवटीला एक लहान कात्री असे.

आमच्या मास्तरांचा एक काळा कोट होता. लग्नातला. साहेब तपासणीला आला की तो अंगावर चढायचा आणि एरवी खुंटीवर असायचा. सारजाआत्या घरात आली की तिची नजर आधी त्या खुंटीवर जाई.

"मास्तर, ह्यो कवा फाटायचा?"

"आत्याबाई, अजून दहा वर्षं काही होत नाही त्याला."

"धा वर्सं! आवं, तवर मी ऱ्हातीय का?"

मग ती कोटाचं अस्तर बोटानं चाचपायची आणि एखाद्या वैद्यासारखी मान हलवायची. "काखंत गेलाय," म्हणायची. "लय दिस न्हाई काढायचा." मास्तर चिडत. पुढं पुढं ती दारात दिसली की ते उठून कोट अंगात घालत, उन्हाळ्यातसुद्धा. एका वैशाखात असेच घामाघूम होऊन ते पाटावर बसले होते. ही पाणी प्यायला आली, त्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "असूं दे, असूं दे. घामानं लवकर कुजतंय." त्या वर्षी संक्रांतीला तो कोट खरंच काखेत उसवला. मास्तरांनी स्वतःहून भिंतीवरून तो तिच्या हातात दिला. पुढच्याच वाकळेत एक काळाकभिन्न कावळा आला, ऐटबाज, मान वर केलेला. तो कुणासारखा दिसतो हे गावात कुणी बोललं नाही, पण मास्तरांनी तो पाहिला आणि आठवडाभर त्या बाजूनं गेले नाहीत.

पण सारजाआत्याची खरी ख्याती चित्रांची नव्हे. ती होती बसवण्याची.

मोठी वाकळ एकटीनं होत नाही. अंगण सारवून त्यावर थर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि चारी कडांना बायकांनी बसायचं. प्रत्येकीनं आपल्या कडेपासून टाके घालायला लागायचं आणि फेरा पुरा झाला की आत सरायचं. फेरा लहान होत जातो, बायका वाकळेवर चढत जवळ येतात आणि शेवटी मधे एवढीशी जागा उरते. तिथं ती वाकळेला घास भरवायची. पोळीचा चिमूटभर तुकडा गुळासकट मधल्या थरात ठेवायचा आणि वरून शिवून टाकायचं. "वाकळ उपाशी ठिवली तर ती पांघरणाराला खाती," असं ती म्हणे. तो घास शिवायचा मान समोरासमोरच्या दोघींना. एकीनं टाका घालायचा, दुसरीनं ओढायचा.

कुणी कुठं बसायचं ते सारजाआत्या ठरवी, आणि ते ठरवताना ती टाक्यांचा विचार करत नसे. गल्लीत कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते पाही आणि त्या दोघींना बरोबर एकमेकींच्या समोर बसवी. सुरुवातीला मधे अख्खी वाकळ असायची, त्यामुळं कुणाचं काही बिघडत नसे. खाली मान घालून शिवायचं आणि बाजूच्या बाईशी बोलायचं. पण टाका टाका करत माणूस आत येतंच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुडघ्याला गुडघा लागतो, एकीची सुई दुसरीच्या बोटाशी येते, एकच कातर दोघींना लागते. किती वेळ न बोलणार?

कोंडाबाई आणि पारूबाईचं मी डोळ्यांनी पाहिलं. दोघींच्या परसातून एकच मोरी जायची आणि त्या मोरीवरून वर्षभर तोंड बघणं बंद होतं. सारजाआत्यानं त्यांना समोरासमोर बसवलं. दोघी बोलल्या नाहीत, बोलल्या नाहीत, आणि अगदी मध्याशी आल्यावर पारूबाईचा दोरा तुटला. कोंडाबाईनं मान वर न करता आपला दोरा दातानं तोडून अर्धा पुढं केला. पारूबाई म्हणाली, "वल्ला कशाला केलास?" आणि दोघी अशा काही हसत सुटल्या, की सारजाआत्यालाच ओरडावं लागलं. "आगं घास! घासावर बसल्या ह्या!" मोरी मात्र तशीच राहिली. तिच्यावरून पुढंही त्या भांडत होत्या, पण तोंडावर.

असं गावाचं जुळवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात अबोला होता. हे मला कळायला थोडे दिवस लागले.

त्या घरात दोन चुली होत्या. एक सारजाआत्याची, दुसरी तिच्या धाकट्या जावेची, बायजाक्काची. दोघी विधवा, अंगण एक, आड एक, शेळीसुद्धा एक. आणि दोघी एकमेकींशी शब्द बोलत नसत. बोलायचंच झालं तर शेळीशी बोलत. "आज कुनी तुला पाणी दावलं न्हाई वाटतं," असं सारजाआत्या म्हणे. त्यावर बायजाक्का त्याच शेळीला उत्तर देई, "सकाळीच दावलंय, सांग." शेळी दोघींकडे आळीपाळीनं बघत पाला खाई.

अबोल्याचं कारण कोंडाबाईनं सांगितलं. बायजाक्काला एकच मुलगा, शंकर. तो लहान असतानाच त्याचा बाप गेला. दोघी जावांनी मिळून त्याला वाढवलं. सारजाआत्याला तो थोरली आई म्हणे, आणि तिचा जीव त्याच्यावर सख्ख्या आईपेक्षा तसूभर जास्तच. शंकर पलटणीत भरती झाला तेव्हा तिनं त्याच्यासाठी वाकळ घातली. बापाचं काहीतरी बरोबर जायला हवं म्हणून तिनं जावेची पेटी उघडली आणि दिराचा लग्नातला कोशाचा रेशमी पटका काढून, कापून, त्याची झालर लावली. बायजाक्का तेव्हा रानात होती. संध्याकाळी ती आली, तोवर पटक्याचे तिकोनी तुकडे चारी कडांना बसले होते. तो पटका तिनं मुलाच्या लग्नात मुलाच्या डोक्याला बांधायचा म्हणून जपून ठेवला होता.

सगळ्यात वाईट म्हणजे शंकरला ती वाकळ नेताच आली नाही. पलटणीत कांबळी देतात, घरचं काही चालत नाही, असं कळलं. वाकळ घरीच राहिली. ती दोन्ही चुलींच्या मधल्या दांडीवर पडून असे. कुणी पांघरत नसे आणि कुणी हलवतही नसे.

सारजाआत्याचं चुकलं होतं, आणि ते तिला माहीत होतं. पण 'चुकलं' हा शब्द तिच्या तोंडातून कधी गेलाच नव्हता. मी एकदा धीर करून विषय काढला. तर म्हणाली, "मी वाईट केलं का? बापाची ऊब पोराला दिली." आणि थोड्या वेळानं, शेण थापता थापता, आपल्या आपणच, "इचारायला पायजे हुतं," असं पुटपुटली. मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

लढाई संपली. शंकर लष्करातून सुटून आला, अंगानं भरलेला, बोलण्यात हिंदी मिसळणारा, आणि मोटार चालवायला शिकलेला. महिन्याभरात त्याला सांगलीला एका गिरणीत गाडीवर काम लागलं. विश्रामबागेकडं खोलीही मिळाली. तो म्हणाला, आईला घेऊन जातो. आणि हे सांगून थोरलीकडं पाहत राहिला. थोरली शेळीला पाला घालत होती. "जावा की," ती शेळीला म्हणाली, "कुनी धरलंय?"

त्या दिवशी संध्याकाळी ती भिंतीशी आली. हातात विस्तवासाठी खापर होतं, पण तिनं विस्तव मागितला नाही. खापर भिंतीवर ठेवून उभीच राहिली.

"मास्तरणी, ती गेल्यावर मी न बोलायचं कुनासंगं गं?"

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं त्या घरात दोन माणसं होती. आता एक राहणार होतं. या दोघी बोलल्या नाहीत आणि मोटार निघून गेली, तर पुढं बोलायला कुठली भेट व्हायची? दोघींचीही वयं झालेली. मी तिला म्हटलं, "आत्याबाई, जाऊन बोला की एकदा." तिनं खापर उचललं. "तोंडात येतंय," ती म्हणाली, "भाईर पडंना."

शंकरसाठी नवी वाकळ घालायची असं ठरलं. ते कोणी न ठरवताच ठरलं. गल्लीतल्या बायका जमल्या, अंगण सारवलं, थर पडले. वर माझं अंजिरी लुगडं होतं, हे मी अभिमानानं सांगते. आता मुलाच्या वाकळेला आई बसणारच, तिला टाळता येईना. पण सारजाआत्या आपल्या धंद्यात पक्की. तिनं बायजाक्काला आपल्याच कडेला बसवलं, मधे कोंडाबाईला घातलं. एका कडेच्या बायका कधी समोरासमोर येत नाहीत. खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत जातील, पण तोंडाला तोंड लागणार नाही.

कोंडाबाईनं माझ्याकडे पाहिलं. पारूबाईनं कोंडाबाईकडे पाहिलं. आणि दुपारी सारजाआत्या दोऱ्याचं रीळ आणायला घरात गेली, तशा सगळ्याजणी बुडाखालची पोती उचलून सरकल्या. कुणाला ऊन लागत होतं, कुणाची कंबर धरली होती, कुणाला अचानक आडाची बाजू आवडली. ती बाहेर आली तेव्हा एकच जागा रिकामी होती. बरोबर बायजाक्काच्या समोर.

ती रीळ हातात घेऊन उभी राहिली. सगळ्यांच्या माना खाली.

"मला शिकिवताय व्हय गं, रांडांनो?"

माघार घ्यावी तर ती घाबरली असं होणार, आणि ते तिला जन्मात चाललं नसतं. ती खाली बसली, खांद्यावरची सुई काढली आणि शिवायला लागली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं तशा बायका उठू लागल्या. एकीचं मूल रडत होतं, ते मला काही ऐकू आलं नाही. एकीची धार काढायची होती, आणि तिच्याकडे दुभतं जनावर नव्हतं. शेवटी मीही पदर झटकून उठले, तर सारजाआत्यानं माझं लुगडं धरलं. "तू कुठं निगालीस? सुया कोन ववनार?" तेव्हा मी सुया ओवत तिथंच बसले. मधे हातभर जागा उरली होती, अलीकडे सारजाआत्या, पलीकडे बायजाक्का.

"मास्तरणी, सांग तिला," सारजाआत्या म्हणाली, "घास आण म्हणावं."

"बाई, सांगा त्यांना," बायजाक्का म्हणाली, "कवाच आणलाय."

शेळीची जागा मला मिळाली होती. मी इकडचं तिकडं पोचवलंच नाही. तोंड मिटून सुई डोळ्यांसमोर धरून बसले. पोळीचा तुकडा ठेवला गेला, गूळ ठेवला गेला, वरचं कापड ओढून घेतलं. सारजाआत्यानं टाका घातला. आता ओढायचा होता बायजाक्कानं. तिचा हात सुईपाशी आला, आणि सारजाआत्यानं सुई सोडलीच नाही.

"बायजे," ती म्हणाली. किती वर्षांनी ते नाव त्या तोंडातून निघालं असेल कुणास ठाऊक. "पटका कापाय नगं हुता. चुकलं माजं."

बायजाक्का बारीक चणीची, गोरटेली, कमी बोलणारी बाई. तिनं मान वर केली आणि जावेकडं नीट पाहिलं.

"मला इचारलं असतं आक्का, तर मीच कापून दिला असता की वो."

सारजाआत्याच्या हातून सुई सुटली. ती रडली असं मी म्हणणार नाही, कारण तिला ते आवडलं नसतं, पण तिनं पदरानं नाक पुसलं आणि पदरातली सुई नाकाला टोचून घेतली. बायजाक्कानं पुढं होऊन ती सुई काढली. मग दोरा ओढला, टाका बसवला, आणि बसवता बसवता खाली बघून म्हणाली, "पन ह्यो टाका बगा तुमचा. उंदीर जाईल ह्यातनं."

"जाईना! त्येला बी थंडी वाजत आसंल."

"उसवा त्यो."

"न्हाई उसवत."

"मग मी उसवती."

आणि तिनं खरंच तो उसवला. सारजाआत्यानं तिनं घातलेले दोन उसवले. वर्षानुवर्षांचं साचलेलं सगळं त्या टाक्यांवरून बाहेर येऊ लागलं. मीठ कुणी जास्त घातलं होतं, आड कुणी उघडा ठेवला होता, सासूनं मरताना कुणाचं नाव घेतलं होतं. मी हळूच उठले. अंगणाच्या दाराआड सगळी गल्ली कान देऊन उभी होती, मूल रडणारी आणि धार काढणारी या दोघींसकट. कोंडाबाई डोळे पुसत होती. "भांडाय लागल्या गं," ती म्हणत होती, "भांडाय लागल्या!"

वाकळ आणखी दोन दिवस रेंगाळली, कारण एक शिवायची आणि दुसरी उसवायची. दांडीवरची जुनी वाकळ बायजाक्कानं आपल्या हातानं काढली, उन्हात टाकली आणि सामानात बांधली.

मी सारजाआत्याला शेवटचं पाहिलं ते मोटारस्टँडवर. त्या दिवशी ती दोघांना पोचवायला आली होती. बोलणं ठरलं होतं ते एवढंच. पुढं ती महिना-दीड महिन्यानं उंब्रजला येऊन गेली म्हणे, घराला कुलूप घालून पुन्हा सांगलीला गेली म्हणे. पण तोवर बोर्डानं आम्हाला मेढ्याला नेऊन टाकलं होतं आणि तिची माझी गाठ पडायची राहिली ती राहिलीच. माझ्या माहेरच्या गावात ती राहत होती आणि मी जावळीच्या डोंगरात, याची मला आजही चुटपुट लागते.

त्या काळच्या मोटारी कोळशावर चालत. मागं शेगडी लावलेली, क्लीनर पंखा फिरवतोय, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत, आणि मोटार काही चालू होत नाही. त्यामुळं पोचवायला आलेल्यांना बोलायला भरपूर वेळ मिळे. बायजाक्का खिडकीशी बसली होती. सारजाआत्या खाली उभी राहून सूचना करत होती. लोणच्याची बरणी आडवी करू नको. पोराला रोज ताक दे. शेजारणीला पहिल्याच दिवशी काही उसनं मागू नको. बायजाक्का प्रत्येक गोष्टीला "म्हाईत हाय" म्हणत होती, आणि तिचं तोंड उतरत चाललं होतं.

मोटारीनं एकदाचा हुंदका दिला. क्लीनर ओरडला. शंकर खाली वाकून थोरलीच्या पाया पडला आणि वर चढला.

"आक्का," बायजाक्का खिडकीतून म्हणाली, "कऱ्हाडापतूर तरी चला की. तितं मोटार बदलायची, गाठुडी कोन धरनार?"

"शेळी बांधलीया घरी."

"आवं, कऱ्हाडच हाय. काशी न्हाई."

सारजाआत्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. "मास्तरणी, शेळीला पाला टाक," ती म्हणाली, "कऱ्हाडास्नं येतीच मी माघारी." आणि एवढी थोराड बाई, पण कासोटा सारखा करून, दांडीला धरून, दोन माणसांना बाजूला सारून चढली सुद्धा. बायजाक्काच्या शेजारी एक पोतंवाला बसला होता. त्याला तिनं उठवलं की तो आपणहून उठला ते मला दिसलं नाही.

आम्ही सगळ्या रस्त्याच्या कडेला हात हलवत उभ्या होतो. मोटार धूर सोडत, गचके खात कऱ्हाडच्या बाजूला लागली. मागच्या काचेतून दोघी दिसत होत्या. एकीनंही वळून पाहिलं नाही. त्यांची तोंडं एकमेकींकडं होती आणि दोघीही एकाच वेळी बोलत होत्या.